वायर की ब्लूटूथ: कुणाची खरखर परवडली?

मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करायला ठेवली की माझ्या कानातलं गाणं अडखळतं. ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, ब्लूटूथही २.४ च्याच पट्ट्यात, आणि वायफायचीही तिथेच गर्दी. म्हणून ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली आपली जागा, बदलतं. एकूण ७९, त्यातले गजबजलेले टाळतं. तरी संध्याकाळी दादरच्या पुलावर आवाज तुटतोच. त्यात फोन मागच्या खिशात असेल तर आणखी पंचाईत, कारण शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. फोन वरच्या खिशात टाकला की बरेचदा भागतं.

वायरच्या इअरफोनला याचं सोयरसुतक नाही. पण तोही अगदी सोवळा नव्हे! टूजी फोन शेजारी असला की कॉल यायच्या आधीच कानात 'टर्र-टर्र' व्हायचं, आठवतंय? वायर अँटेनासारखी वागायची आणि फोन आपल्या लहरी सेकंदाला २१७ ठोक्यांत सोडायचा, ते ठोके थेट कानात. तिथे निदान खरखरीमागे गाणं चालू असायचं. ब्लूटूथमध्ये गाणंच गायब. रेकॉर्डिंग तपासायला मी वायरच लावतो. लोकलमध्ये मात्र ब्लूटूथ, कारण वायर कुणाच्या बॅगेत अडकली की कान ओढला जातो.