आठ महिने वापरलं: कंपनीची वेबसाइट डेटाच्या सॉफ्टवेअरवर, आणि पहाटेचे साडेपाच

मंगळवारी सकाळी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन. "सेठ, आज का रेट नहीं डाला क्या?" टाकला होता. पहाटे पाचला मुनीमकाकांनी टाकला होता, मी शेजारी चहा पीत बसलो होतो. वेबसाइट उघडून बघतो तर भाव आजचाच, पण त्याच्यापुढे तारीख सोमवारची. व्यापाऱ्याने कालचा भाव समजून दुसरीकडे गाडी लावली. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

आमचं रावेर तालुक्यात केळी खरेदीचं आणि गाड्या भरून पाठवायचं काम. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. ज्यांनी असलं काही वापरलंय त्यांना जातकुळी कळेलच: एक्सेलसारखे तक्ते, ते एकमेकांना जोडलेले, वर फॉर्म, मंजुरीची साखळी, आणि त्याच तक्त्यांतून वेबसाइटची पानं आपोआप भरतात. आधीची वेबसाइट म्हणजे जळगावच्या एका मुलाने करून दिलेली चार पानं. कुठलाही बदल म्हणजे पाचशे रुपये. मग बदल करायचोच नाही. 'आजचा भाव' या पानावर दिवाळीतला भाव होळीपर्यंत लटकलेला.

ऑक्टोबरात नवीन सुरू केलं. शेतकरी, काटापावती, गाडी आणि भाव असे चार तक्ते केले. काट्यावरचा पोऱ्या मोबाइलवर फॉर्म भरतो, वजन शेतकऱ्याच्या नावाला जाऊन चिकटतं, गाडीचं वजन पुरं झालं की मुनीमकाकांकडे मंजुरीला येतं, त्यांनी हो म्हटलं की वेबसाइटवर ती गाडी 'भरली' दिसते. नवती, पिलबाग, वापसी या केळीच्या तिन्ही प्रकारांचे भाव एका ओळीत. हिवाळाभर मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की घ्या, घ्या. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

एप्रिल लागला आणि तारीख बिघडली. रोज नाही, कधीकधी. पंधरा दिवस मला वाटलं काकांच्याच मोबाइलची तारीख चुकलीय. त्यांना बोललोही. ते काही बोलले नाहीत, नुसता मोबाइल माझ्यापुढे धरला. तारीख बरोबर होती.

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून काढणी पहाटे. माणसं बागेत जायच्या आधी काका पाचलाच भाव टाकून मोकळे होतात. हिवाळ्यात ते साडेसहाला टाकायचे. सॉफ्टवेअरचं घड्याळ आतून ग्रिनिचच्या वेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस. पाचला टाकलेल्या भावावर कालची तारीख बसली की ती दिवसभर तशीच. चूक पहिल्या दिवसापासून आत बसलेली होती, थंडीमुळे दिसली नाही एवढंच.

मदतीला मेल केला. उत्तर आलं: सेटिंगमध्ये टाइमझोन निवडा. अरे, निवडलाय! ऑक्टोबरातच निवडलाय! चार मेल झाले, चारही वेळा तेच उत्तर, खाली वेगळ्या माणसाचं नाव. माणशी दरमहा डॉलरमध्ये पैसे घेता आणि आमची पहाट तुम्हाला मान्य नाही?

मग स्वतःच डोकं चालवलं. तारीख काढणाऱ्या सूत्रात ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास, मिळवली. पहाटेचा भाव सरळ झाला. चार दिवस मी खूश. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "काय भो, तुझ्या गाड्या उद्याच भरून जाऊन राहिल्या काय?" संध्याकाळी साडेसहानंतर भरलेली प्रत्येक गाडी उद्याच्या तारखेत! दाखवताना सॉफ्टवेअर आपले साडेपाच तास मिळवतच होतं, त्यावर मी आणखी साडेपाच मिळवले. ती ३३० मिनिटं काढून टाकली. शेवटी काकांनी तोडगा काढला: ५:३१ चा गजर. भाव वहीत लिहून ठेवायचा आणि गजर वाजला की टाकायचा. मंगळवारी काका लग्नाच्या गडबडीत होते, गजराची वाट न बघता पाचलाच टाकला, आणि पुढचं वर आलंच आहे.

इथपर्यंत मंगळवारी रात्री लिहिलं होतं. आज शनिवार. थोडं मागे घ्यावं लागतंय.

सेटिंगमधला टाइमझोन हा फक्त दाखवण्यासाठी असतो. 'आजची तारीख' काढणाऱ्या सूत्राला तो आत वेगळा सांगावा लागतो, 'आशिया/कोलकाता' म्हणून, म्हणजे भारताची वेळ. एका ओळीचं काम. गुरुवारी केलं, दोन पहाटे तपासलं, बरोबर येतंय. मदतीच्या पानावर हे लिहिलेलं आहे, पण ज्या पानावर आहे तिथे कोणी का जाईल, हा प्रश्न मी सोडणार नाही.

दुसरं म्हणजे बुधवारी यावलकडचा एक शेतकरी पावती घेऊन आला, वजन कमी लावलं म्हणून. पूर्वी अशा वेळी दोन तास आवाज, मग चहा, मग मधला आकडा. या वेळी नोंदीचा इतिहास उघडला. काट्यावरून आलेला आकडा वेगळा, नंतर ऑफिसातून तो बदललेला. चूक आमची. फरकाचे पैसे तिथेच दिले. तो गप्प झाला, मीही. नुसत्या वेबसाइटने हे कधी झालं नसतं.

फक्त आकडा बदलला कोणी, ते कळलं नाही. माणशी पैसे वाचवायला मी आणि मुनीमकाका एकाच लॉगिनवर. इतिहासात दोघांचं नाव एकच. बाबा म्हणाले, "तुझी काटकसर तुलाच महाग पडली." काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काट्याकडे.

आता घेणाऱ्यांसाठी. नुसता फॉर्म भरणाऱ्याला लॉगिन लागत नाही, त्यामुळे काट्यावरच्या पोऱ्याचे पैसे भरू नका. आम्ही तीन महिने भरले. भाव बदलला की वेबसाइटवर दिसायला कधीकधी तासभर लागतो, कारण पानाची जुनी प्रत साठवलेली असते. व्यापाऱ्याला फोन करायचा तर करायचाच. पाच, साडेपाचला काम सुरू करणारा कोणताही धंदा असेल, दूध, भाजी, मासळी, तर पहिल्याच दिवशी पहाटे एक खोटी नोंद टाकून तारीख बघा. दुपारी बाराला दाखवलेल्या डेमोवर जाऊ नका. आणि दर रविवारी सगळे तक्ते उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

या महिन्यापासून काकांना वेगळं लॉगिन घेतलं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत देतात म्हणे. नाही भरले. आधी पावसाळा जाऊ दे, मग हिवाळा.