पी-२५ टायटॅनिया: रंग लवकर उडतो, पाणी साफ व्हायला वेळ लागतो

रंगाचं सांडपाणी प्रकाशाच्या मदतीने साफ करून बघायचं असेल, तर सुरुवात पी-२५ पासूनच करा, असं मी आता ठामपणे सांगेन. गेले बरेच महिने आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही पांढरी पावडर जवळपास रोज वापरात आहे. कधी आम्हीच बनवलेली रंगाची द्रावणं, कधी इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगमधून (कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून) आणलेलं खरं पाणी, आणि तुलनेला झिंक ऑक्साइड. एम.एस्सी.चा प्रकल्प करणारी मुलं आणि छोटा ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) सांभाळणारे लोक यांच्या उपयोगी पडावं म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

पी-२५ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. पूर्वी डेगुसा बनवायची, आता इव्होनिक ‘एरोक्साइड’ नावाने विकते. टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ ज्वालेत सोडून ही पावडर तयार होते. कण साधारण २१ नॅनोमीटरचे, एका ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग, आणि अ‍ॅनाटेज व रूटाइल या त्याच्या दोन स्फटिकरूपांचं मिश्रण अंदाजे ८०:२०. मुलं नेहमी विचारतात, रंगाच्या दुकानात टायटॅनियम कितीतरी स्वस्त मिळतं, ते का नको? त्याचं कारण असं, की पेंटमधलं टायटॅनियम बहुधा रूटाइल असतं आणि त्याच्या कणांवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर मुद्दाम चढवलेला असतो. उन्हात त्याने भोवतालचा रंग खाऊ नये, हाच त्या थराचा हेतू. म्हणजे आपल्याला जे काम हवं, तेच त्यात बंद केलेलं असतं.

पावडर हाताळणं मात्र त्रासाचं आहे. एक लिटरच्या भांड्यात जेमतेम १३० ग्रॅम मावते, इतकी ती हलकी. डबा उघडला की धूर उठल्यासारखी वर येते आणि तराजूच्या काचेवर बसते. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून जाण्याबाबत कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला २-बी, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं आहे. पंखा बंद, एन-९५ मास्क आणि आधी थोड्या पाण्यात कालवून मगच बीकरमध्ये, हा नियम आमच्याकडे कुणी मोडत नाही.

आता कामाबद्दल. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पावडर, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, खालून हवेचे बुडबुडे. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, म्हणजे पावडरला नुसता चिकटून बसलेला रंग वेगळा मोजता येतो. मग दिवा लावला की मिथिलीन ब्लूचा निळा रंग डोळ्यांदेखत फिका होत जातो. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर उचलला जातो, मागे पोकळी राहते, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ते रंगाचा रेणू कुरतडतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून या विषयाने वेग घेतला.

पण रंग गेला म्हणजे प्रदूषण गेलं, असं अजिबात धरू नका. माझी सगळ्यात कळकळीची सूचना हीच. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) मिथिलीन ब्लूचं ६६४ नॅनोमीटरचं शिखर सपाट झालं, तरी त्याच नमुन्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, बराच शिल्लक असतो. रेणूचा रंगीत भाग आधी तुटतो आणि उरलेले वलयी तुकडे नंतर हळूहळू जळतात. मिथिलीन ब्लूचं तर आणखी एक आहे. हवा कमी पडली की त्याचं बिनरंगी रूप तयार होतं आणि हवा लागली की निळा परत येतो. शिवाय हा रंग स्वतःच दिसणारा प्रकाश शोषतो, त्यामुळे ‘आमचा उत्प्रेरक दृश्य प्रकाशात चालतो’ हे त्याच्यावरून सिद्ध होत नाही. तसा दावा करायचा तर फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्लासारखा बिनरंगी पदार्थ घ्या आणि टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा.

नमुना काढतानाही नीट बघा. सिरिंज फिल्टरमधून गाळल्यावर थेंब उजेडात धरला आणि त्यात दुधट झाक दिसली, तर बारीक कण खाली उतरलेत आणि प्रकाश-शोषणाचा आकडा फुगलेला आहे. आम्ही आधी सेंट्रिफ्यूज करतो, मगच गाळतो.

खऱ्या पाण्यावर गेलं की वेग चांगलाच मंदावतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत (सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांनी कापड रंगवताना) मीठ आणि सोडा भरपूर असतो. क्लोराइड आणि कार्बोनेट रॅडिकल गिळून टाकतात, आणि पाणी अल्कधर्मी असल्याने कणांवर ऋण भार येतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगही ऋण भाराचेच, त्यामुळे ते पृष्ठभागाजवळ येतच नाहीत. सामू (पीएच) आम्लाकडे नेला की फरक लगेच दिसतो. क्लोराइडमुळे डायक्रोमेट वापरून मोजलेला सीओडीही जास्त दिसतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घालावं लागतं. आमच्या अनुभवात कच्च्या, गडद पाण्यावर हा खेळ परवडत नाही, कारण प्रकाश आतच शिरत नाही. जैविक प्रक्रियेनंतर उरलेल्या फिकट रंगाच्या पाण्यावर मात्र छान चालतो.

झिंक ऑक्साइडबद्दल थोडक्यात. स्वस्त आहे, रबर उद्योगासाठी बनतं म्हणून सहज मिळतं, आणि पहिल्या फेरीत उन्हात पी-२५ ला तोडीस तोड काम करतं. पण प्रकाशात ते स्वतःच झिजतं आणि आम्लात तर विरघळतंच. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. एक प्रदूषण काढून दुसरं घालायचं, हे मला पटत नाही. मी ते बंद केलं.

ऊन फुकट असलं तरी त्यात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. आम्ही उथळ ट्रे गच्चीवर ठेवतो, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच, कारण गढूळ दुधासारख्या पाण्यात प्रकाश त्याहून खोल पोचत नाही. एप्रिल-मे उत्तम. पावसाळ्यात दिव्याशिवाय भागत नाही आणि तिथे विजेचं बिल येतं.

खरी डोकेदुखी पावडर परत मिळवण्याची. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे काम झाल्यावर सामू साडेसहाच्या आसपास आणायचा. तिथे कणांवरचा भार जवळपास शून्य होतो, ते एकमेकांना चिकटतात आणि रातोरात तळाशी बसतात. वरचं पाणी सायफनने काढायचं, गाळ धुऊन वाळवायचा. पिवळट पडला असेल तर ४०० अंशांला भट्टीत ठेवला की पुन्हा पांढरा होतो. तरी दर फेरीत थोडा माल जातोच.

म्हणून सध्या काचेच्या मण्यांवर पी-२५ चा थर चढवून बघतो आहोत. वेग उघडच कमी झाला आहे, कारण पृष्ठभाग कमी पडतो. पण गाळणं, सेंट्रिफ्यूज, रात्रभर थांबणं हे सगळं वाचतं, आणि छोट्या ईटीपीवर माणूसबळ कमी असताना मला तेच महत्त्वाचं वाटतं. थर किती टिकतो हे बघायला मणी तसेच पाण्यात ठेवून दर आठवड्याला बाहेरच्या पाण्याचा गढूळपणा मोजतो आहोत.