कोबोटूलबॉक्स: ऑनर्सच्या सर्वेक्षणासाठी चांगलं, पण कष्ट आधी मागणारं

समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्रातला पदवीचा ऑनर्स प्रकल्प सर्वेक्षणावर आधारलेला असेल, तर १५० उत्तरदाते आणि ४० प्रश्न हा काही मोठा आवाका नव्हे. तरीही कागदी प्रश्नावली घेतली की ६,००० उत्तरं एकेक करून एक्सेलमध्ये टंकावी लागतात, आणि त्यात चुका होणारच. कोबोटूलबॉक्सवर प्रश्नावली थेट फोनवर किंवा ब्राउझरमध्ये भरून घेता येते, त्यामुळे ही टंकणी संपते. मुळात मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी वाढलेलं हे मुक्तस्रोत साधन आहे. मोफत खात्यात दरमहा नोंदींवर आणि साठवणुकीवर मर्यादा असते, पण पदवीच्या प्रकल्पाचं त्यात सहज भागतं. मात्र टंकणीतला वाचलेला वेळ फॉर्म बांधण्यात घालावा लागतो, आणि तोही फिल्डवर जाण्याआधी. हे ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांच्या हाती नीटनेटक्या रकान्यांतला निरुपयोगी डेटा येतो.

फॉर्म दोन तऱ्हांनी बांधता येतो: वेबसाइटवरच्या फॉर्म बिल्डरमध्ये एकेक प्रश्न जोडून, किंवा एक्सएलएसफॉर्म पद्धतीने एक्सेलमध्ये लिहून. वीसेक प्रश्नांपुढे एक्सेलच बरं. ‘सर्व्हे’ शीटवर प्रश्नाचा प्रकार, रकान्याचं नाव आणि प्रश्नाचा मजकूर. ‘चॉइसेस’ शीटवर पर्याय. मजकूर मराठीत हवा तसा लिहा, पण रकान्याचं नाव रोमन अक्षरांत, बिनजागेचं आणि छोटं ठेवा, कारण विश्लेषणाच्या वेळी तेच नाव शंभरदा लिहायचं आहे. पर्यायांचे कोडही आपोआप ठरू देऊ नका. ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ यांना १ ते ५ असे अंक स्वतः द्या. नाहीतर मापनश्रेणीची बेरीज करण्याआधी प्रत्येक रकाना पुन्हा कोड करत बसावं लागतं. उलट्या अर्थाच्या विधानांचे गुण मात्र नंतर तुम्हालाच फिरवायचे आहेत, ते काम कोबो करत नाही.

कोबोची खरी ताकद उत्तरांवर घालता येणाऱ्या बंधनांत आहे आणि फसगतही तिथेच होते. ‘गेल्या आठवड्यात किती तास काम केलं?’ या प्रश्नाला ० ते १६८ अशी मर्यादा घातली की अशक्य आकडे अडतात. पण ‘माहीत नाही’साठी कागदी सवयीने ९९ लिहायचं ठरलं असेल, तर ९९ या मर्यादेत आरामात बसतो. समजा ५० उत्तरांपैकी ४५ जणांची सरासरी ४० तास आहे आणि उरलेल्या पाचांपुढे ९९ पडलं आहे. सरासरी थेट ४५.९ वर जाते, आणि फॉर्म एका शब्दाने तक्रार करत नाही. उपाय सोपा आहे. आधी ‘तास सांगता येतील का?’ असा हो/नाही प्रश्न ठेवा आणि ‘हो’ आलं तरच आकड्याचा रकाना उघडू द्या.

अशा सशर्त प्रश्नांची आणखी एक गोम आहे. लपलेला प्रश्न आणि न विचारता सोडलेला प्रश्न, दोन्ही निर्यात फाइलमध्ये सारखेच रिकामे दिसतात. म्हणून महत्त्वाचे प्रश्न अनिवार्य करा, म्हणजे रिकामा रकाना फक्त ‘लागू नाही’ एवढंच सांगेल. अर्थात अनिवार्य प्रश्नातही ‘उत्तर द्यायचं नाही’ हा पर्याय हवाच, नाहीतर नैतिकता समिती बरोबर बोट ठेवेल. संमतीचा प्रश्न सर्वांत वर ठेवून बाकी सगळी प्रश्नावली एका गटात घाला आणि तो गट संमतीवर अवलंबून ठेवा. ‘नाही’ म्हटलं की फॉर्म तिथेच संपतो. नावाऐवजी क्रमांक नोंदवा. ठिकाणाचा जीपीएस प्रश्न हौसेने घालू नका. घराचं अचूक स्थान नोंदलं गेलं की उत्तरदाता निनावी राहत नाही.

पायलटसाठी प्रकल्पाची वेगळी प्रत काढा, म्हणजे चाचणीच्या नोंदी खऱ्या डेटात मिसळणार नाहीत. आठ-दहा मुलाखतींत बहुतेक दोष उघडे पडतात. सहमतीची विधानं तक्त्यात मांडली असतील तर फोनच्या अरुंद पडद्यावर पर्यायांची अक्षरं तुटून एकमेकांवर चढतात. ती सुटे प्रश्न म्हणूनच द्यावीत. फिल्डवर्क सुरू झाल्यावर प्रश्नाचं शुद्धलेखन सुधारायला हरकत नाही, पण रकान्याचं नाव बदललंत तर नवा रकाना तयार होतो आणि एकाच प्रश्नाची उत्तरं दोन ठिकाणी विभागली जातात. बदल केल्यावर फॉर्म पुन्हा डिप्लॉय करायचा, म्हणजे वापरासाठी खुला करायचा, आणि प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती आली का ते पाहायचं. मदतीला दोन वर्गमित्र असतील तर एकाच्या फोनवर जुनी आवृत्ती हमखास राहते.

कोबोकलेक्ट हे अॅप फक्त अँड्रॉइडवर आहे आणि नेटशिवाय उत्तम चालतं. आयफोनवाल्यांना ब्राउझरमधला फॉर्म वापरावा लागतो. तोही एकदा उघडल्यावर नेटशिवाय चालतो, पण ब्राउझरचा डेटा साफ केला की न पाठवलेल्या नोंदी गेल्याच. अॅपमध्येही नोंद अंतिम करून पाठवेपर्यंत ती फोनमध्येच असते. रोज संध्याकाळी झालेल्या मुलाखती आणि सर्व्हरवरच्या नोंदी यांचा आकडा जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची वेळ नोंदवणारे मेटाडेटाचे रकाने चालू ठेवा, म्हणजे २५ मिनिटांची प्रश्नावली सहा मिनिटांत उरकली गेली असेल तर ते दिसतं. अर्धवट फॉर्म दुसऱ्या दिवशी उघडून जतन केला असेल तर मात्र हा कालावधी फुगलेला येतो.

निर्यातीचा भाग नवख्यांना सर्वांत जास्त छळतो. सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने वेगळे केलेले असतात, आणि ती एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा चिखल होऊ शकतो. एक्सएलएसएक्स ही एक्सेलची फाइल घ्या, मजकुराऐवजी कोड निवडा, आणि अनेक पर्याय निवडता येणारे प्रश्न ०/१च्या स्वतंत्र रकान्यांत मागवा. कुटुंबातल्या प्रत्येक सदस्याची माहिती पुनरावृत्ती गटात, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या गटात, घेतली असेल तर ती वेगळ्या शीटवर येते आणि पालक-क्रमांकावरून, म्हणजे मूळ नोंदीच्या क्रमांकावरून, जोडावी लागते. पदवीच्या प्रकल्पात हा गट शक्यतो टाळावा. कमावते किती, शिकणारे किती, असे थेट आकडे विचारले तरी बहुतेकांचं भागतं.

आतले तयार आलेख वारंवारता पाहण्यापुरते ठीक आहेत. काय-वर्ग चाचणी किंवा प्रतिगमन करायचं तर जमोवी, आर किंवा एसपीएसएस अशा संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरकडे जावंच लागतं. सखोल मुलाखतींवर उभा असलेला प्रकल्प असेल तर कोबोच्या वाटेला जाऊ नका. साधा रेकॉर्डर आणि गुणात्मक कोडिंगचं सॉफ्टवेअर जास्त कामाचं. उत्तरदाते स्वतःच ऑनलाइन फॉर्म भरणार असतील आणि प्रश्न पंधराच्या आत असतील, तर गुगल फॉर्म्सही पुरतात. मार्गदर्शकांना खात्याचा पासवर्ड देण्याची गरज नाही. प्रकल्पाच्या शेअरिंगमधून त्यांना फक्त नोंदी पाहण्याची परवानगी देता येते.