पिकअपचा इंडिकेटर: अर्थ सुधारायची, फ्लॅशर बदलायचा की एलईडी टाकायचे?

दहा-बारा वर्षं जुन्या पिकअपचा इंडिकेटर दगा देऊ लागला की मालकासमोर तीन वाटा असतात: मागच्या दिव्यांची अर्थिंग (म्हणजे ‘अर्थ’, करंट गाडीच्या सांगाड्यातून, चॅसीतून, बॅटरीकडे परतण्याची वाट) आणि होल्डर दुरुस्त करणं, फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारी छोटी डबी) बदलणं किंवा सगळे बल्ब काढून एलईडी टाकणं. गॅरेजमध्ये पहिला हात फ्लॅशरला जातो, कारण तो दोन मिनिटांत निघतो. मुंबईच्या गाडीत मात्र आधी हौद्याखाली वाकून बघावं.

इथे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. भाऊच्या धक्क्यावरून मासळी भरणाऱ्या गाडीत तर बर्फाचं खारट पाणी थेट टेल लॅम्पवर निथळतं. अनेक जुन्या गाड्यांत दिव्याची अर्थ त्याच्या पत्र्यातून आणि बोल्टातून चॅसीपर्यंत जाते. मध्ये गंज आला की वाट बंद. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावतो किंवा इंडिकेटरबरोबर टेल लॅम्पही मिचकावतो, ते यामुळेच. परतीची वाट न मिळालेला करंट शेजारच्या फिलामेंटमधून पळतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो, हेही लक्षात असू द्या.

तपासायचं असं: मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर होल्डरच्या धातूच्या कडेला लावा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर अर्थ खराब. उपाय म्हणजे प्रत्येक टेल लॅम्पच्या होल्डरपासून चॅसीपर्यंत २.५ चौरस मिमीची स्वतंत्र वायर. चॅसीवरचा रंग चमक येईपर्यंत खरवडा, रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीस फासा. होल्डरमधला हिरवट चढ बारीक पॉलिश पेपरने काढा. मधली स्प्रिंग बसली असेल तर होल्डरच बदला.

फ्लॅशरकडे कधी वळायचं? १२ व्होल्टच्या गाडीत एका बाजूला पुढे-मागे २१ वॉटचे दोन आणि बहुधा बाजूला ५ वॉटचा एक असे बल्ब असतात. म्हणजे ४७ वॉट, जवळपास ४ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा करंट मोजतो आणि बल्ब गेला की दुप्पट वेगाने टिकटिकतो. एकाच बाजूची घाई म्हणजे त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा वायर, फ्लॅशर निर्दोष. जुन्या दोन पिनांच्या थर्मल, म्हणजे करंटच्या उष्णतेवर चालणाऱ्या फ्लॅशरचं उलटं: बल्ब गेला की तो सुस्तावतो किंवा दिवा नुसता पेटून राहतो. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालतो पण इंडिकेटर नाही, तेव्हाही बहुतेक गाड्यांत फ्लॅशर निर्दोष, कारण दोन्हींना तोच एक असतो. मग फ्यूज आणि हॅझर्डचा स्विच बघा. अनेक गाड्यांत इंडिकेटरचा पुरवठा त्याच स्विचमधून जातो आणि क्वचितच दाबल्यामुळे त्याचे पॉइंट काळवंडतात. हॅझर्ड आणि इंडिकेटर दोन्ही बंद असतील तर फ्लॅशर काढून सॉकेटमधल्या बी (पुरवठा) आणि एल (दिव्यांकडे जाणारी) या पिना वायरच्या तुकड्याने जोडा, इग्निशन चालू करून इंडिकेटर द्या. दिवे न मिचकावता पेटले, तर फ्लॅशर बदला. तीन पिनांचा असेल तर ई पिनेला अर्थ मिळतेय का, ते आधी बघून घ्या.

एलईडी उजेडात तरतरीत, करंट अगदी थोडा. गोची तिथेच आहे: थर्मल फ्लॅशर चालतच नाही, इलेक्ट्रॉनिक घाई करतो. त्यावर ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर लावून देतात. तो २ अँपिअर नुसते उष्णतेत घालवतो, म्हणजे वाचवलेला करंट परत गेला. शिवाय इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकवता येत नाही. एलईडी जळला तरी करंट चालूच राहतो, त्यामुळे चालकाला कळत नाही. एलईडीसाठीचा फ्लॅशर त्यापेक्षा बरा, पण तोही बहुधा बिघाड सांगत नाही. केबिनमध्ये बसून मागचे दिवे दिसत नाहीत. टिकटिकाटाची घाई हाच एक इशारा असतो, तो घालवणं मला पटत नाही. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच छोटा दिवा असेल, तर त्यातून करंट उलट जाऊन चारही एलईडी एकदम मिचकावतात. मग दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) लावून त्या दिव्याला वेगळी अर्थ द्यावी लागते.

मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं आणि तिथे इंडिकेटर बघितले जातात. मिनिटाला ६० ते १२० वेळा, पिवळाच. म्हणून धंद्याच्या गाडीला अर्थ दुरुस्त करून साधे २१ वॉटचे बल्बच ठेवावेत. बॅटरी सतत उतरत असेल आणि हॅझर्ड लावून तासन्‌तास उभं राहावं लागत असेल, तरच एलईडीचा विचार करा. तेही पिवळ्या काचेमागे पिवळेच, कारण पांढरा एलईडी फिकट दिसतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला बल्ब आणायला जाताना जुना बल्ब खिशात असू द्या. पांढऱ्या काचेच्या दिव्यातल्या पिवळ्या बल्बच्या पिना बहुधा तिरक्या कोनात असतात, साध्या बल्बच्या समोरासमोर. एकाच्या होल्डरमध्ये दुसरा बसत नाही.