नऊ हजार रुपये आणि न मोजलेले दाते

तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून मी मागच्या चक्राचे दाते मोजत बसलो होतो. खडूने एका दात्यावर खूण केली आणि तिथून मोजत गेलो. सगळ्यात मोठ्या चकतीवर ३४ दाते असायला हवे होते. भरले २८. दोनदा मोजले, तरी २८च. ही मोजणी मी १५ दिवस आधी दुकानात, पैसे देण्यापूर्वी केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. ओळखीतले दोघेजण घडीच्या सायकलीचे गिअर बदलून घ्यायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहितोय.

मी शिक्षक आहे. जुळे सोलापुरात राहतो, शाळा मोहोळच्या बाजूला. सकाळी सायकल घडी करून रेल्वेत चढवायची, मोहोळला उतरून उघडायची आणि पुढचे साडेचार किलोमीटर चालवत जायचं. सायकल २० इंची चाकांची, पुढे ५२ दात्यांची एकच चकती, मागे ७ गिअर. रोजच्या सपाट रस्त्याला तिची काही तक्रार नव्हती.

पण मनात तुळजापूर होतं. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं देवीला चालत जातात. कॉलेजात असताना मीही दोनदा गेलोय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेवढं चालणं झेपत नाही, सायकल मात्र चालवा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, त्याची भीती नव्हती. भीती होती शेवटच्या घाटाची. पायडलवर उभं राहून जोर लावला की गुडघा दुखतो, म्हणून मला हलका गिअर हवा होता. एवढी एकच गरज, आणि मी ती दुकानदाराला नीट सांगितली होती.

दुकान शहरातलंच, बऱ्यापैकी मोठं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. दुकानदाराने सायकल स्टँडला लावली, पायडल फिरवलं आणि म्हणाला, "सात गिअरवर घाट कसा चढेल ओ सर? आठ करून टाकू. कॅसेट बसवतो, ११-३४. मग बघा, लोण्यासारखी चालते." कॅसेट म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आणि ११-३४ म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीवर ११ व मोठ्या चकतीवर ३४ दाते. हिशेब त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फ्रीहबवालं (कॅसेट सरकवून बसते तसलं) नवीन हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, माझ्याच रिमवर नव्या तारांनी बांधून ३,२००, आठ गिअरची कॅसेट १,४००, शिमानो अल्टस डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) १,६००, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) ९००, चेन ६००, सीलबंद बीबी (पायडलच्या दांड्या जिच्यावर फिरतात ती फ्रेममधली बेअरिंग) ९०० आणि मजुरी ४००. एकूण ९,०००. पाच हजार यूपीआयने आगाऊ घेतले. उरलेले चार हजार रोख मागितले. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर तुम्हालाच टॅक्स पडतो. मी आहे की इथं, कशाला टेन्शन घ्यायलाव?" मी गप्प बसलो. ती माझी पहिली चूक.

चार दिवसांनी सायकल मिळाली. हब चकचकीत, तारा चकचकीत, डिरेलरवर शिमानोची अक्षरं, शिफ्टरवर आठपर्यंत आकडे. जुने भाग मागितले तर "ते भंगारात गेले सर, त्याला काय किंमत?" हे उत्तर. तिथेही मी जोर धरला नाही. जुना डिरेलर अस्सल होता आणि चांगला चालत होता. तो भंगारात गेला नसणार, कुणाच्या तरी सायकलवर विकत गेला असणार, हे मला नंतर कळलं.

मोहोळच्या रस्त्यावर दोन आठवड्यांत दोन गोष्टी खटकल्या. मागचं चाक फ्रेममध्ये किंचित डावीकडे सरकलेलं दिसायचं, आणि सगळ्यात छोट्या चकतीवर चेन गेली की फ्रेमला लागून खर्र असा आवाज यायचा. फोन केला. "नवीन आहे, बसेल हळूहळू," म्हणाला. मग एका रविवारी पहाटे पाचला तुळजापूर नाका ओलांडला. तामलवाडीपर्यंत सगळं छान होतं. घाट सुरू झाला, पहिला गिअर टाकला, आणि पायाला लागलेलं वजन अगदी जुन्या सायकलीइतकंच. गुडघ्याला हे आधी कळलं, डोक्याला नंतर. तेव्हा उतरून दाते मोजले.

इथे थोडा हिशेब सांगतो, कारण फसवणूक याच हिशेबात लपलेली आहे. २० इंची चाकाचा घेर साधारण १.५२ मीटर. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले घेर, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते निघतं. पुढे ५२ आणि मागे २८ असतील तर २.८ मीटर. मागे ३४ असतील तर २.३ मीटर. घाटात हा अर्ध्या मीटरचा फरकच सगळं काही असतो. माझ्या जुन्या सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच, १४-२८ होतं. त्याने बसवलेलं आठ गिअरचं निघालं १३-२८. म्हणजे मोठी चकती तीच, हलका गिअर तोच. वाढला तो एक आकडा, आणि तोही सपाटीवर जोरात जाणाऱ्याच्या उपयोगाचा. गिअर सात की आठ यावर चढ सोपा होत नाही. तो मागच्या मोठ्या चकतीच्या दात्यांवर होतो.

त्याच चढावर पुढे निघालो तर मागचं चाक डुलायला लागलं आणि ब्रेकचं रबर एका बाजूने घासायला लागलं. अ‍ॅक्सल (चाकाचा आस) वाकला होता. हे चढावर झालं म्हणून मी बसून लिहू शकतोय. देवीचं दर्शन घेऊन तोच घाट उतरताना ताशी चाळीसच्या वेगात झालं असतं तर मागून येणाऱ्या ट्रकसमोर माझं काय झालं असतं, हा विचार अजून झोपेत येतो. सायकल घडी केली, तुळजापूरहून येणाऱ्या एसटीला हात केला आणि मांडीशी धरून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी पूर्व भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी काही न उघडता मागच्या चकत्या हाताने उलट फिरवल्या आणि मधोमध बोट दाखवलं. "हे बघा सर, मधला खाचांचा भाग जागच्या जागी आहे. कॅसेट असती तर हा पण फिरला असता. हे आट्यांवरचं फ्रीव्हील आहे." इतकी सोपी परीक्षा. खऱ्या कॅसेटच्या बाहेर तिला घट्ट धरणारी लॉकरिंग असते, ती चकत्यांबरोबर फिरते. ही गोष्ट दुकानात उभ्या उभ्या पाच सेकंदांत कुणालाही बघता येते, एकही पाना लागत नाही.

मग उघडलं. हब जुनंच, पॉलिश मारलेलं, आणि ३,२०० रुपये त्याचेच लावलेले. आठ गिअरचं फ्रीव्हील सातपेक्षा जाड, ते जुन्या हबवर मावावं म्हणून उजव्या बाजूला जादा वॉशर घातलेले. त्यामुळे चाक डावीकडे सरकलं, आणि ते झाकायला ब्रेक एका बाजूला ओढून ठेवलेला. अ‍ॅक्सल का वाकला तेही मिस्त्रींनी समजावलं. आट्यांच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात. फ्रीव्हील जितकं जाड, वर वॉशर जितके जास्त, तितका अ‍ॅक्सल आधाराशिवाय लांब उरतो आणि खड्ड्यात, चढावर तिथेच वाकतो. फ्रीहबमध्ये तो आधार पार टोकाजवळ असतो. म्हणून कॅसेटचे पैसे जास्त पडतात, आणि म्हणूनच मी ते द्यायला तयार झालो होतो.

डिरेलरवरची अक्षरं नखाने सोलली गेली. अस्सल भागावर आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक असतो, अल्टसच्या त्या डिरेलरवर आरडी-एम३१० असायला हवा होता. माझ्या डिरेलरची आतली बाजू कोरी. शेवटी क्रँक, म्हणजे पायडलच्या दांड्या, काढले. सीलबंद बीबीच्या जागी जुन्याच वाट्या, जुनेच छर्रे, वर ताजं ग्रीस. हे बघून मात्र मला रडू फुटायचं बाकी राहिलं. बीबी आत झाकलेला असतो, कोण उघडून बघणार, या एका भरवशावर ९०० रुपये लावले होते.

मिस्त्रींच्या समोरच प्रत्येक भागाचे फोटो काढले, दाते मोजतानाचा व्हिडिओ काढला. दुकानदार आधी हसला, मग "कारागिराची चूक" म्हणाला, मग फोन उचलायचा बंद झाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा भागवार हिशेब आणि पाच हजारांचा यूपीआय व्यवहार होता. तक्रारीनंतर त्याने तीन हजार परत पाठवले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. रोख दिलेल्या चार हजारांचा मात्र माझ्याकडे कसलाच पुरावा नाही. तुम्ही कुणी काम देणार असाल तर रोखीचं बोलणं निघाल्यावर तिथून सायकल उचला आणि बाहेर पडा. भागांची नावं, मॉडेल, दाते, सगळं लिहून घ्या. जुने भाग परत मिळतील हे सायकल सोडण्याआधीच ठरवा.

माझी गरज मिस्त्रींनी ऐकली तेव्हा ते म्हणाले, "मग आठ कशाला पाहिजे होते?" सात गिअरचंच १४-३४ फ्रीव्हील मिळतं. त्यात २४ वरून थेट ३४ वर उडी असते, म्हणजे शेवटची चकती फक्त घाटासाठी. तेच त्यांनी बसवलं. नवा अ‍ॅक्सल, वॉशर काढून चाक मधोमध, ३४ दाते पेलणारा साधा टूर्नी डिरेलर, सात गिअरचा शिफ्टर आणि मजुरी धरून २,४०० रुपये झाले. हब तेच राहिलं. काढलेले सगळे भाग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले. मग खडू पुढे केला आणि मी मोजून होईपर्यंत पैशांना हात लावला नाही.