ट्रॅफिक सर्व्हर, सात महिन्यांनंतर: एक ओळ बदलली आणि भरलेला कॅश बिनकामाचा

ट्रॅफिक सर्व्हर म्हणजे मूळ सर्व्हर आणि मागणारे यांच्यामध्ये बसून फाइलींच्या प्रती डिस्कवर (कॅशमध्ये) ठेवणारा आणि तिथूनच देणारा मधला सर्व्हर. गेल्या महिन्यात ओरिजिन, म्हणजे फाइली जिथून येतात तो मूळ सर्व्हर, बदलायचा होता. काम किती? रीमॅप.कॉन्फिग या नियमांच्या फाइलमध्ये डावी बाजू (बाहेरून मागितला जाणारा पत्ता) तशीच ठेवायची, उजवीकडे जुन्या सर्व्हरच्या जागी नव्याचं नाव लिहायचं आणि रीलोड द्यायचा. रीलोड विनातक्रार झाला. पाच मिनिटांत नवा ओरिजिन आचके द्यायला लागला. डिस्कवर तीन टीबी माल, आणि लॉगमध्ये नुसतं मिस (कॅशमध्ये सापडलं नाही), मिस, मिस.

कारण कळलं तेव्हा स्वतःचाच राग आला. कॅशची की, म्हणजे डिस्कवरची प्रत शोधायची खूण, बनते ती रीमॅप झाल्यानंतरच्या यूआरएलवरून. उजवीकडचं होस्टनाव बदललं की कॅशच्या लेखी प्रत्येक फाइल नवीन. जुना माल जागेवरच असतो, फक्त त्याला मागायला कुणी येत नाही. डिस्कवरचं लिखाण गोल फिरत जातं, त्यामुळे तो फेरा तिथवर पोचेपर्यंत हा बेवारस माल जागा अडवून बसतो. जुनं नाव परत घातलं तेव्हा हिट सुरू झाले.

गंमत म्हणजे पहिल्या महिन्यात मी याच गोष्टीचं कौतुक करत होतो. दोन होस्टनावं एकाच ओरिजिनवर मॅप केली की दोघांसाठी डिस्कवर एकच प्रत. आधीच्या सीडीएन, म्हणजे भाड्यानं फाइली पोचवणाऱ्या, कंपनीत (नाव घेत नाही) दर जीबीमागे पैसे मोजत होतो आणि सपोर्टवाल्यांना तीच गोष्ट तीन तिकिटांत समजावत होतो. तिथून सुटल्यावर ही फुकटची बचत म्हणजे चैनच वाटली होती.

उपाय आहे: कॅशकी प्लगइन, म्हणजे की कशी बनवायची ते ठरवणारा जोडभाग. स्टॅटिक-प्रीफिक्स देऊन टाकला की कीमध्ये होस्टऐवजी तोच जातो, मग ओरिजिन खुशाल बदला. सॉर्ट-पॅरम्स लावल्यावर क्वेरीतल्या (यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातल्या) नावांचा क्रम उलटसुलट झाला तरी प्रत एकच राहते. पण प्लगइन लावणं हासुद्धा की बदलणंच! म्हणजे गार (कामाची प्रत नसलेल्या) कॅशचा तोच सोहळा पुन्हा. एका रात्री एकच नियम, असं करत अकरा रात्री काढल्या. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर एकही रात्र गेली नसती.

स्टोरेजबद्दल मात्र माझं मत सुधारलंय. सुरुवातीला चार टीबी डिस्कसाठी डिरेक्टरीच (कुठली प्रत डिस्कवर कुठे आहे याची यादी) पाच जीबी रॅम खाते हे पाहून कपाळाला हात लावला होता. हिशेब सरळ आहे: सरासरी ऑब्जेक्ट 8000 बाइटचा धरलेला असतो, प्रत्येक नोंदीला 10 बाइट, म्हणजे पन्नास कोटी नोंदी. आमच्या फाइली बहुतेक मोठ्या, तेव्हा तो आकडा 64000 केला आणि डिरेक्टरी सव्वासहाशे एमबीच्या आसपास आली. नवी रॅम घ्यायची वाचली. मात्र हा आकडा माल भरण्याआधीच ठरवा. नंतर बदललात तर डिरेक्टरीची मांडणी बदलते आणि कॅश रिकामा. कुठल्या डिस्क वापरायच्या ते सांगणाऱ्या स्टोरेज.कॉन्फिगचंही तेच: रीस्टार्ट तर लागतोच, वर कॅश जवळपास नक्की जातो. पण तिथं कागदपत्रांत तसा इशारा ठळक दिलाय, म्हणून तक्रार नाही.

रीमॅप त्या मानानं मनमिळाऊ. नियमात चूक असली तर रीलोड नाकारला जातो आणि जुने नियम चालूच राहतात, यानं मला दोनदा वाचवलंय. रेजेक्स_मॅप या नियमातला रेजेक्स (नमुना जुळवणारी ओळ) फक्त होस्टनावाला लागतो, पाथला नाही, हे कळायला एक अख्खी दुपार गेली. पाथसाठी रेजेक्स_रीमॅप प्लगइन वेगळा.

याहूनं 2009 साली अपाचेला दिलेलं हे सॉफ्टवेअर आहे, मुरलेलं आहे, सोडणार नाही. फक्त रीमॅप.कॉन्फिगच्या डोक्यावर आता माझी एक कॉमेंट आहे: ‘उजवीकडे हात लावण्याआधी प्रीफिक्स आहे का बघ.’ परवा नवीन नियम टाकताना तीही वाचली नाही. नशीब, त्या नियमावर ट्रॅफिक नव्हता.