गळती थांबली म्हणून पैसे दिले, आणि चोर्ला घाटात फियाट उकळली

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण ज्यांच्याकडे जुनी फियाट, अँबॅसिडर, जीप असं काही आहे आणि इंजिन खोलायचा विचार चाललाय त्यांनी वाचाच.

आमच्या आजोबांची 1968 ची फियाट अकराशे डी, नंबर जीडीनं सुरू होणारा, म्हणजे गोवा दमण-दीव एकत्र होते तेव्हाचा. इंजिन 1089 सीसी, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. आजोबा गेल्यावर गाडी डिचोलीच्या घरी पडवीत आठ वर्षं उभी होती, आत विहिरीचं साधं पाणी तसंच राहिलेलं. मागच्या वर्षी चालू केली तर सायलेन्सरमधून पांढरा धूर, ब्लॉकच्या बाजूनं थेंब थेंब पाणी आणि ऑईलच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखं काहीतरी. म्हणजे पाणी ऑईलमध्ये जातंय हे मलाही कळलं.

म्हापशाकडच्या एका गॅरेजवाल्याचं नाव दोघातिघांनी सांगितलं. बोलायला एकदम गोड, पात्रांव पात्रांव (म्हणजे मालक) करत होता. अख्खं इंजिन खोलतो, बोअर करतो, हेड लेथवर फेसिंग करून (म्हणजे खालची बाजू घासून सपाट करून) आणतो, नवं पॅकिंग, ब्लॉकचे सगळे बुच (बाजूची पाण्याची भोकं बंद करणारे, वेल्श प्लग म्हणतात ते) नवे, वॉटर पंपाचं किट, सगळं मिळून 42 हजार. मी 20 हजार आधी दिले. दीड महिन्यानं गाडी दिली तेव्हा ब्लॉकला झकास चंदेरी रंग मारलेला, खाली एक थेंब नाही, उरलेले पैसे तिथंच मोबाईलवरून पाठवले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, ते आजपर्यंत आलेलं नाही.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. रेडिएटरची टोपी उघडली तर आत पिवळं पिवळं दिसलं आणि बोटाला लागलं ते खरखरीत. विचारलं तर म्हणाला नव्या कूलंटचा रंग तसाच असतो. मी गप्प बसलो, तिथंच थांबायला हवं होतं.

पंधरा दिवस गाडी गावातल्या गावात मस्त चालली. मग बेळगावला मावसबहिणीचं लग्न होतं, आई आणि आतेला घेऊन सकाळी निघालो. साखळी, केरीपर्यंत काही नाही, पण घाट चढायला लागलो आणि टेम्परेचरचा काटा वर वर जायला लागला, चार-पाच वळणं झाली असतील तेवढ्यात बॉनेटमधून वाफ. आत्या घाबरून दार उघडून खाली उतरली. सव्वा तास थांबलो, गरम असताना टोपीला हात लावायचा नाही एवढं माहीत होतं, थंड झाल्यावर उघडली तर आत हळदीचा चिखल. खरोखरची हळद, वास येत होता. त्या दोघींना बसमध्ये बसवून दिलं आणि गाडी ओढून साखळीला आणली.

तिथले म्हातारे मेस्त (मिस्त्री), आयुष्य जुन्या गाड्यांत गेलेला माणूस. त्यांनी काही न बोलता स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ब्लॉकच्या एका बुचावर टोचला. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली एम-सील, आणि एम-सीलखाली तोच जुना बुच, गंजून कागदाएवढा झालेला, स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला आणि भकाभका पाणी आलं. "पुता, हो बूच न्हय, नुसतो रंग," एवढंच म्हणाले. हे बुच आतल्या बाजूनं सडतात, बाहेरून धडधाकट दिसतात, म्हणून फसवणाऱ्याचं फावतं.

हळदीचं पण त्यांनीच सांगितलं. रस्त्यात रेडिएटर फुटला तर ड्रायव्हर लोक घरी पोचण्यापुरती हळद टाकतात, ती भिजून फुगते आणि बारीक भोक बुजवते. पण तिला भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे कळत नाही, नळ्या पण बुजतात. सपाट रस्त्यावर चालून जातं, घाटात इंजिनवर लोड आला की पाणी फिरायला जागाच नाही. बाजारात मिळणारं लीक बंद करायचं लिक्विड जास्त ओतलं की तेच होतं.

हेड काढलं. पॅकिंग नवं होतं खरं, पण हेडला लेथ लागलेलाच नव्हता, जुन्या कार्बनचे डाग तसेच. त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला तर 0.25 मिमीची पाती सहज आत गेली, म्हणजे हेड वाकलेलं. 0.05 ची जाईल-न जाईल इतपत चालतं. शिवाय पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आणि आत कूलंटऐवजी साधं पाणी असलं की अ‍ॅल्युमिनियम असं झिजतं. तिथं वेल्डिंग भरून मगच फेसिंग करायला लागलं. ज्या लेथवाल्याचं नाव त्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं तिथं मी स्वतः जाऊन आलो, त्या महिन्यात फियाटचं एकही हेड त्यांच्याकडे आलेलं नव्हतं.

ह्या वेळी मी रोज जाऊन उभा राहायचो. जुने बुच काढून माझ्या हातात दिले, ब्लॉकमधला गंज तारेनं खरवडून धुतला, मग पितळेचे नवे बसवले. हेडचे नट मधून सुरू करून बाहेर बाहेर, टॉर्क पान्यानं, तीन फेऱ्यांत आवळले. रेडिएटरचा कोर नवा करावा लागला. शेवटी रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून हवा भरली, टोपीवर लिहिलेल्या प्रेशरएवढीच, त्याहून जास्त भरली तर जुन्या रेडिएटरचे झाळ सुटतात. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. ही टेस्ट पाच मिनिटांच्या तयारीची आहे, पैसे देण्याआधी तुमच्यासमोर करायला लावा, आणि जो करायला नाही म्हणतो त्याला गाडी देऊ नका. हेड लेथवर स्वतः घेऊन जा, बिल लेथवाल्याकडूनच घ्या.

दुसऱ्यांदा 31 हजार गेले. पहिल्याकडे गेलो तर म्हणतो जुन्या इंजिनाची गॅरंटी कोण देणार. गॅरंटी मी मागितलीच नव्हती, जे काम केलं म्हणून पैसे घेतले ते केलेलं नाही एवढंच माझं म्हणणं आहे. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसलं तरी मोबाईलवरून दिलेले पैसे आणि कामाची यादी असलेले मेसेज आहेत. आणि ते एम-सील लावलेले बुच आहेत, रंगासकट, डब्यात ठेवलेत, एकही धुतलेला नाही.